तिसऱ्या पट्टीचा उन्हाळा

यंदा लू लवकर सुरू झाली. रामनवमी होऊन आठ दिवस होत नाहीत तोच नई सडकेवरची दुकानं भर दुपारी अर्धं शटर ओढून बसायला लागली. शाळेतून घरी येताना मी ओढणी तोंडाला गुंडाळते, डोळे तेवढे उघडे ठेवते, आणि तेच जळत राहतात. इथली लू, तो कोरडा गरम वारा, घाम येऊ देत नाही, येण्याआधीच वाळवते. दाना ओलीत, आमच्या गल्लीत, शिरलं की भिंतींची थोडी सावली मिळते, पण भिंतीही तापलेल्याच असतात. जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावायचा नाही हे लहानपणापासून पाठ आहे.

मला उन्हाळा नको वाटतो असं मी म्हटलं की लोक हसतात. ग्वाल्हेरात जन्मलेल्या माणसानं गरमीची तक्रार काय करायची. तक्रार गरमीची नाहीच. मला एकच उन्हाळा नको आहे. बारा वर्षांपूर्वीचा. पण कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की तो दर वर्षी पुन्हा येऊन बसतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चष्म्याच्या काचा घासायचे. नई सडकेवर त्यांचं दुकान होतं, एवढंसं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. आमचे पूर्वज म्हणे दक्षिणेतून फौजेबरोबर आले. तलवारी गेल्या, घोडे गेले, आणि आमच्या घराण्याच्या हातात शेवटी काचा उरल्या. अण्णांची शाळा आठवीत सुटली होती. पण पाटणकर बाजारापासून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत कितीतरी म्हाताऱ्या माणसांना त्यांनी पुन्हा पेपर वाचता येईल असं केलं होतं.

दुकानाच्या मागच्या भागात काचेच्या चार बरण्या असायच्या. काच घासायला कुरुंदाची पूड लागते, आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. ती पूड ते स्वतः वेगळी करायचे. पहिल्या बरणीत पाण्यात पूड टाकून काठीनं ढवळायची, मग हात थांबवून मोठ्यानं आकडे मोजायचे. तीसपर्यंत मोजून झालं की वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या बरणीत ओतायचं. पहिलीच्या तळाशी राहिला तो जाड दाणा. दुसरीत जास्त वेळ थांबायचं, तिसरीत त्याहून जास्त. "भारी दाणा आधी बसतो, हलका मागून," ते सांगायचे. "एक जाड दाणा जरी बारीक पुडीत गेला ना बेटा, तर पूर्ण काच खराब." मी तेव्हा चौथीत असेन. मला ते आकडे मोजायला फार आवडायचं.

किल्ल्याच्या चढावर एका दगडावर बारीक बारीक लाटा उमटलेल्या आहेत, तशा नदीकाठच्या ओल्या रेतीत असतात. तो दगड मला अण्णांनीच दाखवला. "इथं कधीतरी पाणी होतं," ते म्हणाले. कुठून आलं, कुठं गेलं, हे त्यांना माहीत नव्हतं. मी विचारत राहिले. विचारत विचारत एम.एस्सी. झाले, आणि एक दिवस समुद्रापासून इतक्या लांबच्या गावातली मुलगी समुद्राच्या तळाचा अभ्यास करायला किनाऱ्यावरच्या एका संस्थेत जाऊन पोचली.

माझं काम काय होतं ते थोडक्यात सांगते. किनाऱ्यापासून आत गेलं की समुद्राचा तळ बराच लांबपर्यंत उथळ राहतो. मग एक कड येते, आणि तिथून तो खोल खोल उतरत जातो. खंड खऱ्या अर्थानं तिथे संपतो. नद्यांनी आणलेला गाळ त्या उतारावर हजारो वर्षं थरावर थर बसत जातो. अधूनमधून कडेवरून वाळू आणि चिखलाचा लोट खाली घसरतो. तो निवळला की गाळात वाळूची एक पातळ रेघ उरते. जहाजावरून लांब पाइप त्या तळात खुपसायचा आणि गाळाचा पाच मीटरचा दांडा जसाच्या तसा वर काढायचा. त्याच्या एकेक मीटरच्या पाच कांड्या करायच्या, दोन्ही टोकांना टोपणं लावायची. वरच्या टोकाला लाल, खालच्या टोकाला काळं. संस्थेत परतल्यावर कांड्या उभ्या चिरून फोटो काढायचे, आणि दर दोन सेंटिमीटरवरचा चिमूटभर गाळ कुपीत भरायचा.

त्या चिमटीत राईहून बारीक शंख असतात, एकपेशी जिवांचे. उथळ पाण्यातले वेगळे, खोल पाण्यातले वेगळे. कुठल्या थरात कुठले किती ते मोजलं की त्या काळी तिथे पाणी किती खोल होतं ते सांगता येतं. माझ्या तिसऱ्या कांडीत तळाशी खोल पाण्याचे शंख होते, आणि वर येता येता उथळ पाण्याचे वाढत जात होते. समुद्राची पातळी खालीवर होण्यानं एवढा फरक पडत नाही, हे दाखवण्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं. मग राहिला एकच अर्थ. तिथला तळच वर उचलला गेला होता. जमिनीच्या पोटातल्या दाबानं, हळूहळू. त्या भागात हे आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, त्यावर आम्हा दोघांच्या नावानं पेपर लिहून पाठवला होता. माझा प्रबंध त्या एका कांडीवर उभा होता. मुदत दोनदा वाढवून झालेली, आता जूनअखेर शेवटची. शिष्यवृत्ती संपली होती. आणि मार्चमध्ये आईचा फोन आला, "ह्यांना आता जिना चढवत नाही. तू ये."

अण्णांची फुफ्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, परत मऊ होणार नाहीत. आता फक्त श्वास सोपा करत राहायचा. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, लाइट जाईल तेव्हासाठी एक सिलिंडरही. मी कुप्यांचे खोके, कागद आणि एक जुना मायक्रोस्कोप घेऊन दाना ओलीतल्या आमच्या दोन खोल्यांत परत आले. कूलर एकाच खोलीत होता, म्हणून अण्णांची खाट, माझं टेबल, मशीन, सगळं तिथेच. खाटेसमोरच्या भिंतीवर मी पाचही कांड्यांचे लांब फोटो ओळीनं चिकटवले. पाच राखाडी पट्ट्या, मध्ये मध्ये वाळूच्या रेघा. मला लिहिताना त्या समोर लागायच्या.

एप्रिल, मे. त्या दोन महिन्यांचा आवाज माझ्या कानात अजून आहे. मशीनची घरघर, दर काही सेकंदांनी त्याचा एक सुस्कारा, कूलरची टपटप, माझ्या बोटांची टकटक. आणि लाइट गेली की एकदम शांतता. त्या शांततेला मी जेवढी भ्यायले तेवढी समुद्रातल्या वादळालाही नाही भ्यायले. दुपारी दोनला लाइट जायची. मशीन बंद पडायचं. आई धावत येऊन सिलिंडरची चावी फिरवायची, मी नळी काढून तिकडे जोडायची, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात अण्णांचे ओठ निळसर व्हायचे. ते नुसते माझ्याकडे बघायचे. नळी नाकाला लागली की दोन-तीन श्वासांनी पहिला शब्द यायचा, आणि तो बहुतेक एकच असायचा. "किती पानं राहिली?"

"साठ, अण्णा."

"साठ म्हणजे काही नाही," ते म्हणायचे. "होऊन जाईल."

ते दुसरं काही वाचत नव्हते, टीव्ही नको म्हणायचे. दिवसभर उशीला टेकून समोरच्या पट्ट्यांकडे बघत बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "या रेघा कसल्या?" मी सांगितलं, कडेवरून वाळू घसरते, पाण्यात पसरते, मग बसते. त्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी आईकडून आपलं भिंग मागून घेतलं, दुकानातलं, डोळ्याला लावायचं. मला म्हणाले, "जरा मला तिथपर्यंत ने." मी नळी सांभाळत त्यांना भिंतीपाशी खुर्चीवर बसवलं. ते एकेका पट्टीवरून भिंग फिरवत राहिले. मला वाटलं, बरंय, मन रमतंय. मी टेबलाशी येऊन लिहायला लागले.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मेधा, ही तिसरी पट्टी उलटी लावली आहेस तू."

मी वळून न बघताच म्हटलं, "नाही अण्णा. टोपणांवर लिहिलेलं असतं."

"लिहिलेलं असू दे. बाकीच्या चार पट्ट्यांमध्ये रेघेचा जाड दाणा खाली आहे, वर बारीक होत जातो. बरोबर आहे ते, भारी आधी बसणार. हिच्यात जाड वर आहे." श्वास घ्यायला ते थांबले. "सगळ्या रेघांत. एक-दोन नाही. ही उलटी आहे, बेटा."

त्या वेळी मी काय बोलले ते मला नीट आठवतं. विसरायचा प्रयत्न मी पुष्कळ केला आहे. माझी पाठ दुखत होती, डोळे चुरचुरत होते, साठ पानं राहिली होती. मी म्हणाले, "अण्णा, हे चष्म्याच्या दुकानातलं काम नाही. तुम्हाला यातलं नाही कळायचं."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "हां, ते पण आहे," म्हणाले, आणि आईला हाक मारली, खाटेवर न्यायला.

मी पुढे दोन ओळी लिहिल्या असतील. मग हात चालेना. ते झोपल्यावर मी उठले, तेच भिंग घेतलं आणि भिंतीशी गेले. दाणा वर जाड होता. खाली बारीक. सगळ्या रेघांत.

अशा उलट्या रेघा निसर्गात क्वचित तयार होतात, आणि मी माझ्या प्रबंधात त्यावर दीड पान लिहिलंही होतं. पाहिलं होतं मी ते. पाहून त्याला कारण शोधून दिलं होतं. तिसऱ्या कांडीची दोन्ही टोकं शेजारच्या कांड्यांशी जुळत नव्हती. खालच्या टोकाशी शंख एकदम बदलत होते, वरच्याही टोकाशी. त्यालाही माझ्याकडे कारण होतं. तळ आधी एकदम खचला, मग हळूहळू उचलला गेला, मग पुन्हा खचला, आणि मधले थर वाहून गेले. बारा पानं. नकाशासकट.

मी एक कोरा कागद घेतला आणि तिसऱ्या कांडीचे आकडे उलट्या क्रमानं उतरवून काढले. दहा मिनिटांचं काम. खालचं टोक चौथ्या कांडीला चिकटलं, वरचं दुसरीला. कुठे खाच नाही, फट नाही. सगळा दांडा एकसारखा झाला, आणि त्यानं सांगितलं ते एवढंच, की तो तळ आपल्यावरच्या गाळाच्या ओझ्यानं हळूहळू खचत गेला. उचलला कधी गेलाच नाही. असे खचलेले किनारे जगात सगळीकडे आहेत. त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

टोपणं मीच लावली होती. माझी पहिली सफर. तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला होता आणि मी सकाळपासून ओकत होते. डेकवर कांड्या कापून ठेवल्या होत्या, जहाज डोलत होतं. एक हात कठड्याला धरून दुसऱ्या हातानं मी टोपणं बसवत होते. एक कांडी घरंगळली होती का? मी उचलून फिरवली का? मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मला लवकर आटपून खाली जाऊन आडवं व्हायचं होतं. टोपणांचे फोटो फाइलमध्ये होते. तिसऱ्या कांडीच्या लाल टोपणावर 'वर' असं लिहिलं होतं, आणि अक्षर माझं होतं.

चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. कुणाला कळणार होतं? सरांना पाच वर्षांत दिसलं नव्हतं, परीक्षकांना दिसलं नसतं. दीड पान तर लिहिलेलंच होतं. खाट सोडून उठता न येणारा एक माणूस तेवढा बोलला होता, आणि त्याला मी गप्प केलं होतं. दुपारी गच्चीवर जाऊन मी टाकीच्या सावलीत बसायची. फरशी इतकी तापलेली की चपलेतूनही चटका लागायचा. खाली मशीन सुस्कारे टाकायचं. ते मोजत मी स्वतःला समजवायची की आधी जमा करू, पदवी मिळू दे, अण्णांना ऐकू दे, मग दुरुस्त करू. दुसऱ्या क्षणी वाटायचं, पेपर छापला जाईल, त्यावरून आणखी कुणी नकाशे काढेल, आणि आमची कनिष्ठ शीतल, तिचं पुढचं सगळं काम त्याच कांडीवर आहे, ती आपली पाच वर्षं यात घालेल. पाच वर्षं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

पाचव्या दिवशी मी सरांना फोन केला. त्यांनी फोटो मागवले. तासाभरानं त्यांचाच फोन आला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "उलटीच आहे."

"मुदत मिळेल का, सर?"

"मागून बघतो. पण तिसऱ्यांदा देत नाहीत, तुला माहीत आहे." मग म्हणाले, "पेपर मागे घ्यावा लागेल. तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं, मेधा."

हे कौतुक होतं की तक्रार, मला आजपर्यंत ठरवता आलं नाही. मुदत मिळाली नाही, आणि उरलेल्या दिवसांत नवा प्रबंध उभा राहणार नव्हता. शोधून काढलं कसं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

फोन ठेवून खोलीत आले तर अण्णा जागे होते. "किती राहिली?"

मी म्हणाले, "पंचावन्न."

इथून पुढचं मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. रोज सकाळी मी टेबलाशी बसायची आणि टाइप करायची. प्रबंध बुडाला होता, लिहायला काही नव्हतं, पण अण्णांना टकटक ऐकू यायला हवी होती. मी जुनाच एक परिच्छेद पुन्हा पुन्हा टाइप करत होते. कधी किराण्याची यादी, कधी नुसतीच अक्षरं. संध्याकाळी ते विचारायचे आणि मी आकडा सांगायची. पन्नास. सत्तेचाळीस. त्रेचाळीस. आकडा कमी झाला की त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. मग मला भीती वाटायला लागली की पानं संपली तर हे कशासाठी थांबतील, म्हणून मी सावकाश जायला लागले. दिवसाला एक पान. कधी अर्धं.

"आज अर्धंच?" ते विचारायचे.

"अवघड भाग आहे, अण्णा."

"मग आरामात कर. घाई नको."

भिंतीवरच्या पट्ट्या मी काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर का काढल्या ते सांगावं लागलं असतं. तिसरी पट्टी तशीच उलटी राहिली आणि ते तशीच ती बघत राहिले. त्याबद्दल मात्र पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

त्यांना सांगता आलं असतं. खाटेवर शेजारी बसून म्हणता आलं असतं की अण्णा, तुमचं खरं होतं, पाच वर्षं मला आणि सरांना जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. मी कितीदा तरी तोंड उघडलं. पण त्यांचं खरं होतं म्हणजे माझा प्रबंध बुडाला होता, आणि तो बुडाला हे ऐकायला मी त्यांना जिवंत ठेवत नव्हते. असं तेव्हा वाटलं. मला माझी पदवी गेल्याचं दुःख सांगायचं नव्हतं, की त्या दुपारी काय बोलून गेले त्याची माफी मागायची नव्हती, यातलं नेमकं कुठलं, ते मी अजून स्वतःला विचारते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची लघवी कमी झाली, पायांवर सूज चढली. डॉक्टर घरी येऊन गेले. जाताना जिन्यात मला म्हणाले, "दवाखान्यात हलवायचं तर हलवा. मी काही वेगळं सांगणार नाही." तेव्हा आकडा सतरावर होता. मी आत आले, टेबलाशी बसले आणि दुपारभर टाइप करत राहिले. लाइट दोनदा गेली. नळी जोडली, परत येऊन बसले. साडेपाचला उठून खाटेशी गेले.

"झाला, अण्णा. पूर्ण झाला. पाठवून दिला."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. "सगळा?"

"सगळा."

"तुझ्या आईला सांग, पेढे आणायला. गुप्ताजींना पण दे." गुप्ताजींचं घड्याळाचं दुकान अण्णांच्या दुकानाला लागून होतं. ते संध्याकाळी आले तेव्हा अण्णांनी स्वतः त्यांना सांगितलं, दोन श्वासांत तोडून तोडून, "हमारी बिटिया... डॉक्टर हो गई."

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी अण्णा गेले. मशीन चालू होतं. ते बंद करायचं हे पुष्कळ वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आईला मी तेराव्यानंतर सांगितलं की मुदत निघून गेली, पदवी मिळणार नाही. तिनं विचारलं, "अण्णांना माहीत होतं?" मी नाही म्हटलं. "बरं केलंस," ती म्हणाली. कांडीचं, पट्टीचं मी तिला काही बोलले नाही. ती विचारत बसली नाही. मी इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. गुप्ताजी आता थकले आहेत, पण अजून दुकानात येऊन बसतात, आणि मी नई सडकेवरून जाताना हाक मारतात, "डॉक्टर साहिबा, नमस्ते." बारा वर्षांत मी त्यांना दुरुस्त केलेलं नाही.

गेल्या आठवड्यात शीतलचा फोन आला. ती आता संस्थेत मोठ्या पदावर आहे. मूळची कोल्हापूरची, माझी हिंदीमिश्रित मराठी ऐकून तिला अजून हसू येतं. त्या सगळ्या किनाऱ्यावर ती मोठा पेपर लिहीत होती. आमचा दांडाही त्यात होता, सरळ केलेला.

"ताई, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तिसरी कांडी उलटी आहे हे कसं कळलं, याची कुठे नोंदच नाही. मला एक वाक्य लिहावं लागेल. आभारांत तुमचं नाव घालते."

मी म्हणाले, "मी नाही ओळखलं. माझ्या वडिलांनी ओळखलं."

"ते भूशास्त्रातले होते?"

"चष्म्याच्या काचा घासायचे." आणि मग मी तिला सगळं सांगितलं, बरण्या, कुरुंद, भारी दाणा, त्यांनी भिंग लावून काय पाहिलं ते. शीतल ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "त्यांचं पूर्ण नाव सांगा, ताई. स्पेलिंग पण." मी सांगितलं. फोन ठेवला तेव्हा मला कितीतरी वर्षांनी हलकं वाटत होतं. काहीतरी केलं, असं.

आई कूलरसमोर बसून भेंडी चिरत होती. ती ऐकत असेल असं माझ्या मनातच आलं नाही. अलीकडे तिला कमी ऐकू येतं.

"ती पट्टी," ती म्हणाली. "ती खरंच उलटी होती?"

"हो, आई."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

तिनं विळी आडवी केली. "मग त्यांना का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या भेंडीकडे बघत होती.

"शेवटपर्यंत त्यांना त्याचंच वाटत होतं," ती म्हणाली. "मला म्हणायचे, मी उगाच तिच्या कामात बोललो. आपल्याला अक्कल नाही, आठवी पास माणूस, आणि चाललो शिकवायला. त्या दिवसापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही म्हणायचे. मी म्हटलं, असं काही नाही, काम आहे तिला. तर म्हणाले, नाही, तिला माझी शरम वाटली असणार." तिनं हातातली भेंडी परातीत टाकली. "दोन-तीन वेळा मला सांगितलं, तू तिला समजव, म्हण की अण्णांना तसं म्हणायचं नव्हतं. मी विसरले. त्या गडबडीत कुठं लक्षात राहणार होतं मला."

"आई," मी म्हणाले.

"नाव छापून येणार का त्यांचं?"

"हो."

"कधी?"

"पुढच्या वर्षी, बहुतेक."

तिनं मान हलवली. राहिलेली भेंडी चिरून संपवली, परात उचलून स्वयंपाकघरात गेली. फोडणीचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं मी जाऊन पाहिलं, तर ती गॅस न पेटवताच ओट्याशी उभी होती, परात तशीच हातात. मी ती काढून घेतली. तिनं सोडली, पण मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.